वास येतो

पाहुण्यापासून नदी लपवून ठेवणं किती कष्टाचं काम आहे, हे ज्याने ते केलंय त्यालाच कळेल. माणूस दाढदुखी लपवतो, दहावीत आपटलेला भाचा लपवतो, फ्रीजमागे भरलेलं झुरळांचं संमेलन लपवतो. पण नदी गावाच्या मधून वाहते. 'वाहते' हे आपलं सवयीने लिहिलं. पावसाळा सोडला तर आमची मुठा वाहत नाही, पडलेली असते. काळीशार, कडेला फेस धरलेली, जलपर्णीची हिरवी गोधडी अंगावर ओढून. आणि त्या गोधडीखालून जे वर येतं त्याला मराठीत नुसतं 'वास' म्हणतात. या एका शब्दाने माझ्या घरात भांडण लावलं होतं, ते सांगतोच.

मी सदाशिव पेठेतल्या एका मराठी शाळेत भूगोल आणि पर्यावरण शिकवतो. राहतो धायरीत. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या शाळेची शिक्षकांच्या एका परदेशी योजनेत वर्णी लागली. योजना अशी, की तिकडच्या एका शिक्षकाने इकडे यायचं, इकडच्या शिक्षकाच्या घरी आठवडाभर राहायचं, इथली संस्कृती, इथला निसर्ग बघायचा, वर्गावर शिकवायचं. आणि जाताना सांगायचं, "हा माझा जोडीदार, याला मी माझ्या गावी बोलावतो." किंवा सांगायचं, "नको." नको म्हटलं की विषय संपला.

मला 'हो' हवं होतं. किती हवं होतं हे सांगायला लाज वाटते. पन्नाशी उलटेपर्यंत मी युरोप पाहिला तो फक्त भिंतीवरच्या नकाशावर, आणि तोही काठीच्या टोकाने. इतकी वर्षं काठी टेकवून टेकवून युरोपच्या जागी भोक पडलं होतं. पोरं विचारायची, "सर, हा कुठला समुद्र?" त्यामुळे आपली निवड झाल्याचं कळल्यावर मी ते कुणाला सांगितलं नाही असं मुळीच झालं नाही. सगळ्यांना सांगितलं. आमच्या सोसायटीने मला शाल-श्रीफळ देऊन टाकलं. मीही 'अजून नक्की नाही हो' असं पुटपुटत ते घेतलं.

"अजून बोलावणं नाही, आणि त्या नारळाच्या वड्या खाऊन झाल्या," बायको म्हणाली. "आता नाही गेलात तर धायरी सोडावी लागेल."

पाहुण्या आल्या हॉलंडहून. जीवशास्त्राच्या शिक्षिका, साधारण माझ्याच वयाच्या, माझ्यापेक्षा वीतभर उंच, पांढरे केस मुलासारखे बारीक कापलेले. आमच्या शाळेत शिक्षिकेला 'बाई' म्हणतात, म्हणून त्याही बाई झाल्या. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीतून चालायचं. इथे ते मराठीत लिहितोय, त्यामुळे माझं इंग्रजी बरं होतं असा समज होईल, तो होऊ द्यावा.

तुटक बोलण्यात पुणेकराचा हात कुणी धरणार नाही असं मला वाटायचं. बाईंनी दारातच धरला. बायकोने माझ्यामार्फत विचारलं, "प्रवास कसा झाला?"

"वाईट," बाई म्हणाल्या, आणि चपला काढून आत आल्या.

बायकोला त्या तिथेच आवडल्या.

मग बाईंनी फोनवर फोटो दाखवले. पवनचक्की. लाल-पिवळ्या टुलिपचे पट्टे. कालव्याकाठी चरणारी, साबणाने धुतल्यासारखी गाय. मी एकेका फोटोत स्वतःला उभा करून बघत होतो. टुलिपमध्ये मला टोपी शोभत नव्हती, बाकी सगळं जमत होतं.

रोज एक मराठी शब्द शिकायचा असं बाईंनी ठरवलं होतं. मी नाकावर बोट ठेवून सांगितलं, "वास. नाकाला कळतं ते. वास येतो." शास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. चूक जेवायला बसल्यावर कळली. बायकोने वरण-भात वाढला, वर तुपाची धार धरली. बाईंनी ताटावर वाकून डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि बायकोकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"वहिनी, वास येतो. खूप वास येतो!"

बायकोचा पोळी वाढणारा हात हवेतच थांबला.

"कशाला?"

"वरण," बाई आनंदाने म्हणाल्या. "तूप. सगळं. वास येतो!"

बायकोने वरण हुंगलं. तुपाचं भांडं हुंगलं. ओट्यावरचं फडकं हुंगलं. मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, तूप परवा कढवलंय. डाळ आत्ता कुकरमधून काढलीय. यांना वास कसला येतोय?"

"अगं, त्यांना चांगला वास म्हणायचंय."

"मग तसं म्हणावं. शिकवलं कुणी त्यांना?"

मी लिंबाची फोड पिळण्यात लक्ष घातलं.

"तरीच," बायको म्हणाली.

बाईंना समजावून सांगणं आलं. म्हटलं, वास म्हणजे वासच. पण 'वास येतो' एवढंच म्हटलं की तो वाईट. चांगला असेल तर सुवास, सुगंध, दरवळ, घमघमाट, पुष्कळ शब्द आहेत.

"म्हणजे काही जोडलं नाही तर तो वाईटच धरायचा?"

"हो."

"का?"

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी जरा विचार करून म्हणालो, "चांगलं असेल तर आम्ही बोलत नाही."

"आम्हीही," बाई म्हणाल्या आणि आणखी वरण घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं लपवालपवीचं काम सुरू झालं. दैवाने एक बरं केलं होतं. आमची धायरी आणि शाळेची पेठ नदीच्या एकाच अंगाला. सिंहगड रस्ता नदीच्या कडेकडेने येतो खरा, पण मध्ये इमारती उभ्या आहेत. नदी दिसत नाही, फक्त कळते. पर्वती अलीकडे, तळजाईची टेकडी अलीकडे, सारसबागही अलीकडे. पलीकडचं निम्मं पुणं मी त्या आठवड्यापुरतं रद्द केलं. बाईंनी डेक्कनचं नाव काढलं तेव्हा "तिकडे बघण्यासारखं काही नाही," असं म्हणालो. डेक्कनला माझी सासुरवाडी आहे, त्यामुळे ते मनापासून म्हणता आलं.

उरला प्रश्न कळण्याचा. सकाळी वारा उलटा असला की सिंहगड रस्त्यावर एका ठिकाणी असा भपकारा येतो की हेल्मेटच्या आत माणूस शिव्या देतो. त्यावर मी उपाय काढला. स्कूटरच्या हँडलला मोगऱ्याचा गजरा बांधला. फेब्रुवारीत मोगरा कुठला, तो कुठल्यातरी अत्तराने मोगरा केलेला होता. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने गजऱ्याकडे बघितलं, मागे बसलेल्या उंच गोऱ्या बाईंकडे बघितलं आणि विचारलं, "काका, वरात कुठवर आली?" त्या गजऱ्याने भपकारा गेला नाही. भपकाऱ्याला मोगऱ्याची फोडणी बसली. मेलेल्या उंदराला अत्तर लावल्यावर येईल तसला एक तिसराच प्रकार नाकात शिरला.

पर्वतीच्या पायथ्याशी मी त्यांना कालवा दाखवला. म्हटलं, "हे आमचं पाणी."

"हा कालवा आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या घरासमोर एक आहे, घरामागे एक आहे. कालवा बघायला मी इतक्या लांब येणार नाही." त्यांनी फोन काढून नकाशा माझ्या नाकापुढे धरला. "ही जाड निळी रेघ, ही नदी ना?"

फोनमधली नदी निळी असते, हा भूगोलाच्या पुस्तकांचाच दोष आहे. मी म्हटलं, "हो."

"मग चला."

आणि मी म्हणालो, "रिव्हर इज क्लोज्ड."

शब्द तोंडातून निघून गेला. मागे घेता येईना, म्हणून मी त्याला जोड दिली, "फॉर मेंटेनन्स."

"उघडणार कधी?"

"पावसाळ्यात."

'सर, वही घरी राहिली' म्हणणाऱ्या मुलाकडे मी जसा बघतो, तसं बाईंनी माझ्याकडे बघितलं. पण फोन खिशात ठेवला. मला वाटलं, पचलं.

रविवारी संस्कृतीचा कार्यक्रम होता. संस्कृती म्हणून आम्ही घरी सत्यनारायण घातला. बाईंनी शिरा तीनदा खाल्ला आणि केळीच्या खांबांबद्दल गुरुजींना इतके प्रश्न विचारले की गुरुजींनी कथेचा एक अध्याय गाळला. सोमवारी सकाळी बायकोने माझ्या हातात एक फुगलेली पिशवी दिली. हार, तुळस, विड्याची पानं, पंचामृतात भिजलेली फुलं, काळी पडलेली केळी.

"निर्माल्य आहे. पुलावरच्या कलशात टाका. डिकीत ठेवून विसरू नका."

"मी काय लहान आहे?"

विसरलो नाही, बरं का. निर्माल्याचे कलश महापालिकेने नदीच्या पुलांवर ठेवलेत, आणि पूल मी त्या आठवड्यात बंद केले होते. पिशवी डिकीतच राहिली. महाशिवरात्र होऊन गेली होती आणि ऊन भाजायला लागलं होतं. मंगळवारी डिकी उघडली तेव्हा आतून एक ऊबदार, आंबूस हवा तोंडावर आली. मी डिकी बंद केली आणि रेनकोट आत आहे तो आतच राहू दे असं ठरवलं.

मंगळवारीच बाईंनी सातवीच्या वर्गावर तास घेतला. मुलांना कागद वाटले आणि सोप्या इंग्रजीत सांगितलं, "तुमची नदी काढा."

मुलं भराभर कामाला लागली. बाई बाकांमधून फिरून आल्या आणि त्यांनी चित्रं फळ्याला एकाखाली एक टाचली. वर्गभर एकच चित्र होतं. दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, डोंगरातून निघून पुढे रुंद होत गेलेली निळी नदी, काठावर झोपडी, नारळाचं झाड, आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे दोन पक्षी. पुण्यात नारळ नदीकाठी कुठे आहे, असं विचारण्यात अर्थ नव्हता. हे चित्र त्यांना आमच्याच शाळेने शिकवलं होतं.

"ही कुठली नदी?" बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

"चित्रातली, बाई."

"आणि तुमच्या गावातली?"

मागच्या बाकावरून कुणीतरी लांबलचक "ईऽऽऽ" केलं आणि सगळे हसत सुटले. निम्म्या वर्गाने नाकं धरली. एक जण म्हणाला, "ती काढली तर काळा खडू संपेल, बाई."

"पण ती बंद आहे ना?" बाईंनी निरागसपणे विचारलं. त्या निरागस नव्हत्या, हे मला आता कळतं. "सर म्हणाले मला."

"सर, नदी बंद असते?"

"सर, कुलूप कुठे लावतात?"

"सर, चावी कुणाकडे असते?"

दारात आमच्या मुख्याध्यापिका येऊन उभ्या होत्या. त्यांचा आवाज कधी चढत नाही, त्यामुळे लागतो जास्त.

"सर," त्या म्हणाल्या, "नदी बंद असल्याचं परिपत्रक माझ्याकडे आलेलं नाही. उद्या सकाळी वर्गाला घेऊन जा, आणि उघडून दाखवा."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. टुलिपच्या शेतातला मी मला दिसेनासा झालो होतो. बायको म्हणाली, "आता निदान खरं दाखवा." पण माझ्यातल्या शिक्षकाला अजून आशा होती. मी ठरवलं, आपल्या घाणीला आपणच आधी शिव्या घालायच्या. आपण इतकं संतापायचं की पाहुण्यांना संतापायला जागाच उरू नये. त्यांनी म्हटलं पाहिजे, नदी वाईट आहे, पण माणूस जागा आहे.

बुधवारी आम्ही शाळेतून चालत नारायण पेठेतून पुलावर निघालो. निघताना आठवलं, पुलावर कलश आहे. डिकीतून पिशवी काढली. ती आता फुगून गच्च झाली होती आणि खालून पाझरत होती. हात लांब करून, मेलेलं काहीतरी शेपटीला धरून न्यावं तशी ती मी नेली. मुलं माझ्यापासून दूरदूर चालत होती. एकट्या बाईच शेजारून चालत होत्या.

पुलावर आलो. लोकांनी काही टाकू नये म्हणून पुलाला दोन्ही बाजूंनी माणसापेक्षा उंच जाळी लावली आहे. जाळीतून खाली बघितलं. जलपर्णीच्या मधल्या काळ्या डबक्यात बुडबुडे येत होते, जणू खाली कुणी शिजवत होतं. थर्मोकोलच्या ताटल्या, एक उशी, चप्पल, गणपतीचा एक सुटा हात. आणि तो वास. त्याला चव होती. तोंड उघडलं की जिभेवर बसत होता. नाक धरलं तर तोंडाने आत यायचा, तोंड मिटलं तर डोळ्यांना झोंबायचा.

मी भाषण सुरू केलं. आधी इंग्रजीत, मग संताप इंग्रजीत मावेना म्हणून मराठीत. "बघा! बघा ही माणसं! शिकली-सवरलेली माणसं! घरातलं सगळं आणून या आईच्या अंगावर टाकतात! प्लॅस्टिकसकट! कलश ठेवलाय ना शेजारी? चार पावलं चालायला काय होतं? शिसारी येते मला! शिसारी!"

बाई एकटक बघत होत्या. मला वाटलं, जिंकलो. त्या भरात माझ्या उजव्या हाताने काय केलं ते मला कळलं नाही. लहानपणापासून पुलावर आलं की हात जे करत आला, ते त्याने केलं. पिशवी कपाळाला लावली, मनात 'गंगे च यमुने' म्हटलं आणि झोकात वर, जाळीवरून नदीत फेकली.

म्हणजे फेकायला गेली. ती जाळीच्या वरच्या तारेला अडकली, मधोमध फाटली आणि माझ्या डोक्यावर लोंबकळली. आणि मी त्या वेळी 'शिसारी' हा शब्द तिसऱ्यांदा म्हणत होतो. तोंड उघडं होतं.

तीन दिवस आंबलेलं पंचामृत. दही, दूध, मध, साखर, तूप, आणि त्यात पिकून वाहिलेली केळी. ते कोमट होतं. मला पुढचं लिहायचं नाहीये, पण वाचणाऱ्याला एवढं सांगितलं पाहिजे की त्यात काहीतरी जिवंत होतं. मी जाळीला धरून थुंकलो, पुन्हा थुंकलो, नदीतच थुंकलो; दुसरं कुठे थुंकणार. वर्गाने एकमुखाने असा "ईऽऽऽ" काढला की पुलावरची रहदारी हळू झाली. एक आजोबा स्कूटर थांबवून म्हणाले, "अहो, शिक्षक ना तुम्ही? चांगलं शिकवताय," आणि गेले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी टाचा उंच करून जाळीवरची पिशवी काढली, उघड्या हातांनी, आणि कठड्यावर पसरली. केळं उलटं केलं. "अळ्या," त्या म्हणाल्या. "या. जवळ या. ज्याला ईऽऽ म्हणायचंय त्याने म्हणावं, पण डोळे उघडे ठेवून."

मुलं एकेक पाऊल पुढे आली. नाकं धरून, मान मागे आणि डोळे पुढे अशी. अळ्या काय करतायत, माशी अंडी कुठे घालते, हे सगळं खायला किती दिवस लागतील, आणि यातली कुठली गोष्ट अळ्या कधीच खाणार नाहीत, हे बाई एकेक करून विचारत गेल्या. "पिशवी!" पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली. मी बाजूला उभा राहून केसांतून तुळशीची पानं काढत होतो. पर्यावरणाचा इतका चांगला तास मी जन्मात घेतला नाही. घेतला तोही मी नव्हे, माझ्या अंगावर घेतला गेला.

निर्माल्य शेवटी कलशात गेलं. मी धायरीला जाऊन तीन बादल्या पाण्याने आंघोळ केली. नाकातून ते गेलं नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. बाईंचं उत्तर अजून यायचं होतं, आणि ते काय असेल याबद्दल मला शंका उरली नव्हती.

"एक विचारते," बाई म्हणाल्या. "नदी बंद आहे असं का सांगितलंत?"

"तुम्ही मला बोलवावं म्हणून."

"घाण नदी असलेल्या माणसाला मी बोलावणार नाही, असं वाटलं?"

"बोलावलं असतं?"

"नदीमुळे नाही म्हटलं नसतं. खोटं बोललात म्हणून म्हणणार होते. परवापर्यंत नक्की होतं. पण पुलावर तुमच्याकडे लपवायला काही उरलं नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. ती या वेळी 'तरीच' म्हणाली नाही, म्हणून मला जास्त लागलं.

बाई बराच वेळ भात कालवत राहिल्या. मग त्यांनी फोन काढला आणि पहिल्या दिवशीचे फोटो पुन्हा समोर ठेवले. "हे टुलिप," त्या म्हणाल्या, "माझ्या गावचे नाहीत. माझ्या गावापासून गाडीने दोन तास लांबचे. पवनचक्कीही तिकडचीच. माझं गाव दक्षिणेला आहे. आमच्याकडे डुकरं असतात. माणसांपेक्षा जास्त. शाळेच्या मागेच लांबच लांब शेड आहेत. वसंत ऋतू आला की त्यांची घाण टाक्यांतून काढून शेतांवर सोडतात. वर्गाच्या खिडक्या बंद ठेवतो, तरी येतो. शाळेत कुणी पाहुणे येणार असले की आमचे मुख्याध्यापक आधी वारा कुठून आहे ते बघतात."

मी बायकोला मराठीत सांगायला गेलो आणि अडलो. गाईचं शेण, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या. डुकराच्या त्या पदार्थाला मराठीत शब्द काय, ते मला आठवेना. बायको म्हणाली, "कळलं. नाव घेऊ नका, जेवताय."

"या," बाई मला म्हणाल्या. "पण मार्चमध्ये या, तेव्हा सगळ्यात वाईट असतं. फुलं मी दाखवणार नाही. फुलं फोनवर बघा."

आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, मला शिसारी आली. जन्मभर नकाशाला भोकं पाडली ती यासाठी? सातासमुद्रापलीकडे जाऊन डुकरांची घाण हुंगायला? ती धायरीच्या ओढ्यापाशी घरबसल्या मिळते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मार्चमध्ये परीक्षा असतात."

"हे खरं आहे," बाईंनी विचारलं, "की नदीसारखं?"

उत्तर बायकोने दिलं, थेट इंग्रजीत. "ट्रू. बट ही विल कम." आणि मग माझ्याकडे वळून, मराठीत, "शाल घेतलीत ना? आता जा."

पुढच्या वर्षी रजा मागायला मुख्याध्यापिकांसमोर उभा राहिलो, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ऐन परीक्षेत? संस्थेला काय सांगू?"

मी खरं ते सांगितलं.

त्यांनी रजेचा अर्ज पुढे ओढला. "सर, तुम्ही खरं बोलायला लागलात हे चांगलं आहे. पण संस्थेला डुकरं सांगायची आपली पद्धत नाही. मी 'कृषी-पर्यावरण' सांगते. त्यात डुकरंही बसतात आणि मीही सुटते. तुमचं सुपरव्हिजन मी बघते. आणि येताना चॉकलेट आणा. दुसरं काही, कृपा करून, आणू नका."

गेलो. विमान, थंडी, कडक पाव आणि वरून गार चीज, हे सगळं झालं. त्याचं वर्णन इतरांनी पुष्कळ केलेलं आहे. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांच्या वर्गाला शाळेच्या मागे कुंपणाशी नेलं आणि मला मध्ये उभं केलं. पलीकडच्या शेतात एक ट्रॅक्टर मागे टाकी ओढत काळपट चिखलासारखं काहीतरी जमिनीत सोडत चालला होता. गोरी-गोरी, लाल गालांची मुलं शेताकडे बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

वारा फिरला आणि ते आलं. अमोनियाची सुरी आधी नाकात शिरली, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि तिच्यामागून सडक्या अंड्यांचा, आंबलेल्या कण्यांचा, घामट, कोंदट लोंढा आला. मी पाहुणा म्हणून हसायचा प्रयत्न केला. हसायला तोंड उघडावं लागतं. उघडलं, आणि जिभेवर ते बसलं. मी दोन्ही हातांनी नाक धरलं. मुलं खूश होऊन ओरडायला लागली. त्यांच्या भाषेतही ते 'ईऽऽ'सारखंच काहीतरी होतं.

एका मुलीने बाईंना काही विचारलं.

"ती विचारतेय," बाई म्हणाल्या, "तुमच्या नदीपेक्षा हे वाईट आहे का?"

इथे कुठल्याही समंजस माणसाने 'दोन्ही सारखेच' म्हटलं असतं. यजमानांचं मन राहिलं असतं आणि पर्यावरणाचाही संदेश गेला असता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पोट घशाशी आलं होतं. पण पुण्याचं काहीही दुसऱ्यापेक्षा कमी आहे, असं म्हणायला माझी जीभ कधी शिकलीच नाही. मी ताठ उभा राहिलो, नाकावरचे हात काढले आणि म्हणालो, "छे! आमच्यापुढे हे काहीच नाही."

आणि कुंपणाला धरून खाली वाकलो.